'न' आणि 'ण' यांचा अहंकार

हापूसखेरीज दुसरा आंबा आपण तोंडाला लावत नाही, टपरीवरचा चहा आपल्याला चालत नाही, हे माणसे हसत हसत कबूल करतात. अशा मिजाशीने कोणाचे फारसे बिघडत नाही. तितक्याच सहजपणे मिरविला जाणारा शुद्ध उच्चाराचा अहंकार मात्र इतका निरुपद्रवी नाही. एखादा मुलगा 'पानी' म्हणतो, वर्ग हसतो आणि पुढे वर्षभर तो मुलगा हात वर करीत नाही.

वास्तविक 'पाणी' हा शब्द संस्कृत 'पानीय'वरून आला. मुळात तेथे 'न'च आहे. त्याचा 'ण' झाला तो प्राकृतात, म्हणजे लोकांच्याच तोंडी. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते; त्यांची खानदेशी बोलीतील कविता १९५२ साली पुस्तकरूपाने आली आणि पुढे पाठ्यपुस्तकांतही गेली. बोलीतील कविता पाठ करावयाची आणि बोली बोलणाऱ्या मुलाला हसावयाचे, ही विसंगती कोणाला खटकत नाही.

प्रमाण भाषा अवश्य शिकवावी. लेखनव्यवहाराला ती हवीच. परंतु मुलाचे म्हणणे आधी पुरते ऐकून घ्यावे. उच्चार मागाहून सुधारता येतो. एकदा मिटलेले तोंड सहसा उघडत नाही.