चष्मेवाला विजेता

1954 च्या विम्बल्डनमध्ये यारोस्लाव द्रोब्नीला अकरावं मानांकन मिळालं होतं. वय बत्तीस, डावखुरा, डोळ्यांवर चष्मा, आणि 1949 व 1952 अशा दोन अंतिम सामन्यांतले पराभव गाठीशी.

चष्मा आइस हॉकीची देणगी. त्या खेळात डोळ्याला इजा झाली होती. प्रागमध्ये वाढलेला हा गडी 1948 च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवणाऱ्या चेकोस्लोव्हाकियाच्या संघात होता. पुढच्याच वर्षी ग्श्टाडच्या टेनिस स्पर्धेसाठी तो स्वित्झर्लंडला गेला आणि मायदेशातल्या कम्युनिस्ट राजवटीकडे परतलाच नाही. अखेर इजिप्तने त्याला नागरिकत्व दिलं. म्हणून विम्बल्डनच्या विजेत्यांच्या यादीत, जरा गंमतच, त्याच्या नावापुढे इजिप्त दिसतं.

विम्बल्डनच्या हिरवळीवर चेंडू फारसा उसळत नाही, टप्प्यानंतर सरपटत येतो. त्यामुळे सर्व्हिस केली की नेटकडे धावायचं आणि चेंडू हवेतच मारायचा, ही तेव्हाची तिथली रीत. सर्व्हिस भेदणं अवघड, त्यात टायब्रेक नाही (विम्बल्डनमध्ये तो आला 1971 साली). दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत सेट लांबतच राहायचा. 1953 मध्ये द्रोब्नीने बज पॅटीला 8-6, 16-18, 3-6, 8-6, 12-10 असं हरवलं, तेव्हा दोघे मिळून 93 गेम खेळले होते!

1954 मध्ये त्याने ल्यू होडला हरवलं, पुन्हा पॅटीला हरवलं आणि अंतिम फेरीत समोर आला एकोणीस वर्षांचा ऑस्ट्रेलियन केन रोझवॉल. पहिलाच सेट 24 गेमचा. 13-11, 4-6, 6-2, 9-7 असा सामना जिंकायला द्रोब्नीला अडीच तासांहून अधिक वेळ लागला. त्याच वर्षी मुलांच्या गटात मद्रासचा रामनाथन कृष्णन विजेता ठरला; विम्बल्डनचं हे विजेतेपद मिळवणारा तो पहिला आशियाई.

रोझवॉल लहान होता, त्याच्यापुढे भरपूर वर्षं होती, असंच कुणालाही वाटलं असतं. 1956 मध्ये तो पुन्हा अंतिम फेरीत हरला आणि मग व्यावसायिक झाला. तेव्हा ही स्पर्धा फक्त हौशी खेळाडूंची. पैसे घेऊन खेळणाऱ्याला दार बंद. 1968 मध्ये ते उघडलं तेव्हा रोझवॉलची ऐन उमेदीतली अकरा विम्बल्डनं हुकली होती. त्यानंतरही 1970 आणि 1974 मध्ये त्याने अंतिम फेरी गाठली. दोन्ही सामने तो हरला. दुसऱ्या वेळी वय होतं एकोणचाळीस.