मक्याचें कणीस आणि संकराचें बळ

पावसाळा लागला म्हणजे बुवापाड्याच्या वाटेवर निखाऱ्यांवर भाजलेल्या कणसांचा खमंग वास येऊं लागतो. मीठ व लिंबू लावून आपण तें कणीस आवडीनें खातों. परंतु त्यांतील एकेका दाण्याचे मायबाप कोण, याचा विचार सहसा करीत नाहीं. तोच विषय आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

मक्याच्या ताटाच्या शेंड्यावर जो तुरा असतो, तेंच त्याचें नरफूल. कणसाच्या टोकांतून बाहेर येणारे रेशमासारखे केस हा मादीफुलांचा भाग होय. प्रत्येक केस एकेका दाण्यास जोडलेला असतो. त्यावर वाऱ्यानें आलेला पराग पडला तरच तो दाणा भरतो. एरवीं ती जागा रिकामी राहते. म्हणून एकाच कणसांतील दाण्यांची आई एक असली, तरी बाप निरनिराळे असूं शकतात.

अमेरिकेंतील शास्त्रज्ञ जॉर्ज शल यांनीं एकाच झाडाचा पराग त्याच झाडाच्या कणसास देऊन पिढीमागून पिढी वाढविली. झाडें खुजीं झालीं, कणसें लहान पडलीं. मात्र प्रत्येक घराण्याची ठेवण एकसारखी झाली. अशा दोन भिन्न घराण्यांचा संकर करतांच पुढील पिढी उंच व जोमदार निघाली. हे प्रयोग त्यांनीं १९०८ सालीं प्रसिद्ध केले.

असें कां व्हावें? झाडास प्रत्येक गुणाचा एक वारसा आईकडून व एक बापाकडून मिळतो. दोहोंकडून दुबळाच वारसा आला, तर दोष उघडा पडतो. घराणीं भिन्न असलीं, तर एकाचें उणें दुसरें झांकतें. संकराच्या बळाचें हें एक मुख्य कारण होय.

भारतांत मक्याच्या सुधारणेची अखिल भारतीय योजना १९५७ सालीं सुरू झाली, आणि १९६१ सालीं ‘गंगा’, ‘रणजित’, ‘डेक्कन’ या नांवांच्या संकरित जाती निघाल्या. पुढें हेंच तत्त्व आपल्या शेजारीं भातास लावलें गेलें. अंबरनाथहून आगगाडीनें बदलापूर, वांगणी, नेरळ मागें टाकलें कीं कर्जत येतें. तेथील संशोधन केंद्रांत तयार झालेली ‘सह्याद्री’ ही संकरित भाताची जात १९९८ सालीं प्रसारित झाली. भाताचें फूल स्वतःच्याच परागानें फळतें. म्हणून या कामीं, ज्याचा पराग निकामी असतो असें मातृघराणें वापरावें लागतें.

आतां दोन सावधगिरीच्या गोष्टी. संकरित पिकाचें बीं घरीं राखून पुढील वर्षीं पेरलें, तर जुळून आलेले वारसे पुन्हां विखुरतात. कांहीं रोपें उंच, कांहीं खुजीं निघतात, आणि उत्पन्न घटतें. म्हणून असें बीं दरसाल नवें विकत घ्यावें लागतें. तो खर्च शेतकऱ्यानें आधींच हिशेबांत धरावा. दुसरी गोष्ट एकसारखेपणाची. १९७० सालीं अमेरिकेंतील बहुतेक मक्याच्या अंगीं एकाच प्रकारच्या मातृघराण्याचा अंश होता. पानांवर करपा पडला, आणि देशाच्या पिकाचा सुमारें सातवा हिस्सा बुडाला.

संकराचें बळ भिन्नतेंतून येतें, व भिन्नता जुन्या जातींत सांठलेली असते. म्हणून विद्यार्थिमित्रांनो, गांवीं आजोबा एखाद्या जुन्या भाताचें मूठभर बीं वेगळें बांधून ठेवीत असतील, तर त्यांस हंसूं नका. त्या जातीचें नांव, ती किती दिवसांत पिकते, कोणत्या जमिनींत तग धरते, हें त्यांस विचारून वहींत लिहून ठेवा. उद्यांच्या संकरास तेंच भांडवल लागणार आहे.