गंजिफांचा खेळ : नियम व काही शंका

खाऊच्या पुड्यांतून व दुकानांतून मिळणारे चित्रपत्ते मुले हौसेने जमवितात, परस्परांत बदलतात आणि हरल्यावर रडतात. शिक्षक ते जप्त करतात. गडचांदूर व आसपासच्या शाळांतील शिक्षकबंधुभगिनींस आपल्याच महाराष्ट्रातील एका जुन्या चित्रपत्त्यांच्या खेळाचा परिचय व्हावा, हा या टिपणाचा हेतू आहे.

गंजिफा म्हणजे रंगविलेली वाटोळी पाने. बाबराने १५२७ साली ती सिंधमध्ये भेट पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. सावंतवाडीस ही कला लोप पावण्याच्या बेतात असता, १९७० नंतरच्या दशकात श्रीमंत शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच कारागीर बसवून ती जगविली. २०२४ मध्ये सावंतवाडीच्या गंजिफांस भौगोलिक मानांकन लाभले.

दशावतारी संचात मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार असून प्रत्येकाची बारा पाने असतात : राजा, प्रधान व एक ते दहा. एकूण पाने १२०. खेळणारे तिघे, प्रत्येकास ४० पाने. हुकूम नाही. उतरलेल्या अवताराचेच मोठे पान हात जिंकते; अन्य अवताराचा राजाही तेथे निरुपयोगी. दिवसा ज्याच्याकडे रामाचा राजा असेल त्याने, व रात्री कृष्णाचा राजा असेल त्याने, प्रथम उतरावे. आपल्या शाळा दिवसाच भरतात, तेव्हा रामाकडेच लक्ष ठेवावे!

खरी गोम पुढे आहे. पहिल्या पाच अवतारांत राजा व प्रधान यांच्याखाली दहाचे पान मोठे व एकचे सर्वांत लहान. परशुरामापासून पुढील पाचांत एकचे मोठे व दहाचे सर्वांत लहान. यावर शंका येते की, एक हा दहापेक्षा मोठा, असे मूल समजून बसणार नाही काय? पहिली-दुसरीत ही भीती रास्त आहे. तेथे हा खेळ नेऊच नये. तिसरीपुढील मुलास मात्र संख्या तीच, क्रम लावण्याचा नियम निराळा, हा भेद हातातील पानांवरून उमगतो. पानांवर अक्षरे नसून मोजावयाची चिन्हे असल्याने घरी गोंडी, कोलामी वा तेलुगू बोलणारे मूलही येथे मागे पडत नाही.

दुसरी शंका जुगाराची. पालकांनी ती काढल्यास रागावू नये. पैज लावू देऊ नये, व जिंकणाऱ्याने पाने घरी नेण्याची प्रथा तर मुळीच पडू देऊ नये. ज्याच्या घरी चार पाने विकत घेण्याची ऐपत नाही, तोच रिकाम्या हाताने परततो. संच वर्गाचा असावा.

जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांवर बांगडी ठेवून वर्तुळे आखावी व कापावी. मत्स्यास मासे, कूर्मास कासवे, परशुरामास परशू, अशी चिन्हे मुलांकडूनच काढून घ्यावी. आरंभी मत्स्य व राम एवढ्याच २४ पानांचा डाव मांडावा. तिघांस आठ-आठ पाने येतात.