हरणाऱ्यांचं बळ

स्वतंत्र भारताच्या पहिल्या लोकसभेत ४८९पैकी ३६४ जागा काँग्रेसच्या होत्या, म्हणजे ७४ टक्के. मतं मात्र ४५ टक्केच. पुढच्या दोन निवडणुकांतही थोड्याफार फरकाने हेच घडलं. निम्म्याहून जास्त मतदार काँग्रेसच्या विरोधात, तरी दिल्लीत काँग्रेसचंच राज्य.

यातलं गणित सोपं आहे. मतदारसंघात शंभर मतं पडली; काँग्रेसला पंचेचाळीस, समाजवाद्याला तीस, अपक्षाला पंचवीस. गुलाल काँग्रेसचा. उरलेल्या पंचावन्न मतांना विधिमंडळात जागा नाही. अशा पद्धतीत लहान पक्ष झिजत जाऊन शेवटी दोनच उरतात, असा सिद्धांत मॉरिस दुव्हर्जे या फ्रेंच अभ्यासकाने १९५१मध्ये मांडला होता. भारतात दोन पक्ष काही उभे राहिले नाहीत. बरं, एकपक्षीय राजवट म्हणावी, तर इथे वर्तमानपत्रं मोकळी होती, निवडणुका वेळेवर होत होत्या आणि विरोधक सभा गाजवत होते. मग हे आहे तरी काय?

याचं उत्तर रजनी कोठारींनी शोधलं. जन्म १९२८चा, गुजराती जवाहिऱ्याच्या घरातला. शिक्षण लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ते शिकवत होते. १९६१मध्ये मुंबईच्या ‘इकॉनॉमिक वीकली’त त्यांची सहा लेखांची मालिका आली. संपादक सचिन चौधरींनी या तरुण प्राध्यापकाला ऐसपैस जागा दिली आणि त्याचं नाव देशभर पोचलं. राज्यघटनेतली कलमं वाचून भारताचं राजकारण कळणार नाही, ते माणसांच्या व्यवहारात जाऊन पाहावं लागेल, असा त्या लेखांचा रोख होता. १९६३मध्ये त्यांनी दिल्लीत ‘सेंटर फॉर द स्टडी ऑफ डेव्हलपिंग सोसायटीज’ ही संस्था उभी केली. पुढच्याच वर्षी काँग्रेस ‘व्यवस्थे’वरचा त्यांचा गाजलेला निबंध प्रसिद्ध झाला.

काँग्रेस हा सहमतीचा पक्ष आणि बाकीचे दबावाचे पक्ष, ही त्यांची मांडणी. विरोधक सत्तेवर येत नाहीत, पण काँग्रेसमधल्या गटातटांना हाताशी धरून धोरण वळवतात. खरी स्पर्धा पक्षाच्या आतही चालते, आणि बाहेरचा विरोध आतल्या नाराजांना बळ देतो. निवडणुकीत हरणाऱ्यालाही या व्यवस्थेत वजन असतं.

मराठी वाचकाला हे पटवून द्यायला लांब जावं लागत नाही. शेतकरी कामगार पक्ष उभा करणारे केशवराव जेधे मूळचे काँग्रेसचेच, आणि पुढे काँग्रेसमध्ये परतलेही. त्याहून ठसठशीत दाखला संयुक्त महाराष्ट्राचा. १९५७च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला धूळ चारली. द्वैभाषिक मुंबई राज्याची सत्ता मात्र काँग्रेसकडेच राहिली. तरीही तीन वर्षांत, १ मे १९६० रोजी, महाराष्ट्र झाला. रस्त्यावरची चळवळ आणि समितीची मतं यांच्या जोरावर मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांना आपल्या श्रेष्ठींपुढे बाजू मांडता आली. १९६२मध्ये विधानसभेच्या २६४पैकी २१५ जागा घेऊन काँग्रेस पुन्हा भक्कम झाली. समितीची मागणी पुरी झाली, त्याचं श्रेय काँग्रेसने घेतलं. कोठारींची मांडणी इतक्या लख्खपणे क्वचितच दिसेल.

जातीकडेही ते असेच पाहत. राजकारणात जात शिरली म्हणून गळा काढणाऱ्यांना त्यांचं सांगणं असे की, समाज जसा बांधलेला आहे तिथूनच राजकारण सुरू होणार. त्या ओढाताणीत जातही पहिल्यासारखी राहत नाही. ऋषिकेश मारूंसोबत त्यांनी गुजरातच्या क्षत्रिय सभेचा अभ्यास केला. सामाजिक उतरंडीत एकमेकांपासून दूर असलेले राजपूत आणि बारिया मतांच्या बळासाठी ‘क्षत्रिय’ या एका नावाखाली आले होते. जात इथे जन्माने मिळालेली होती, पण तिची बांधणी नवी होती.

कोठारींबद्दल मला सर्वांत आदर वाटतो तो पुढच्या गोष्टीसाठी. १९६७मध्ये काँग्रेस ५२०पैकी २८३ जागांवर आली आणि अनेक राज्यांतली सत्ता गेली. १९६९मध्ये पक्ष फुटला. १९७४मध्ये कोठारींनी आपलाच सिद्धांत पुन्हा तपासायला घेतला. पक्षांतर्गत निवडणुका बंद पडत होत्या, प्रदेशातल्या नेत्यांचं बळ दिल्लीच्या मर्जीवर टिकत होतं. पुढच्या काळात महाराष्ट्राने याचं टोक पाहिलं. आधी वसंतराव नाईक सलग अकरा वर्षं मुख्यमंत्री होते. १९८० ते १९८३ या काळात मात्र अंतुले, बाबासाहेब भोसले आणि वसंतदादा असे तीन मुख्यमंत्री झाले. आतली स्पर्धा मेली की बाहेरच्या दबावाला धरायला जागाच उरत नाही. सहमतीचं यंत्र तिथेच बंद पडतं.

आणीबाणीने त्यांना अभ्यासिकेबाहेर ओढलं. नागरी स्वातंत्र्याच्या चळवळीत ते उतरले, १९८०मध्ये ‘लोकायन’ सुरू केलं. १९८४च्या दिल्लीतल्या शीखविरोधी हत्याकांडानंतर ‘हू आर द गिल्टी?’ हा अहवाल निघाला, तेव्हा तो काढणाऱ्या दोन संघटनांपैकी ‘पीयूसीएल’चे ते अध्यक्ष होते. ज्या पक्षाच्या समावेशकतेचं त्यांनी जगाला मर्म सांगितलं, त्याच पक्षाच्या माणसांवर त्या अहवालाने बोट ठेवलं. आपल्या सिद्धांताच्या प्रेमात पडलेल्या अभ्यासकाला हे जमलं नसतं. १९ जानेवारी २०१५ रोजी त्यांचं निधन झालं.

त्यांनी दिल्लीत उभ्या केलेल्या संस्थेने १९६७मध्ये देशव्यापी मतदार सर्वेक्षण हाती घेतलं होतं. पुढे १९९७मध्ये तिथे ‘लोकनीती’ सुरू झाली. पुण्याचे सुहास पळशीकर तिच्या धुरिणांपैकी एक. लोकनीतीचा सर्वेक्षक गावात ओट्यावर बसतो, प्रश्नावली उघडतो. कोणाला मत दिलं, हे तो तोंडाने वदवून घेत नाही. पक्षांची चिन्हं छापलेली नमुना मतपत्रिका पुढे करतो. समोरची बाई ती घेते, खूण करते, घडी घालून पेटीत टाकते. पुढे तो विचारतो, तुमच्या मताने देशाच्या कारभारात काही फरक पडतो का?

तिचा उमेदवार पडलेला असू शकतो. तरीही हा प्रश्न तिला विचारला जातो, आणि तिचं उत्तर नीट लिहून घेतलं जातं. हरलेल्या पंचावन्न मतांनाही अर्थ असतो, ही कोठारींची शिकवण त्या ओट्यावर अजून कामाला येते.