जडावकामासाठीं लांकडांची निवड



चौदा वर्षांपूर्वीं मीं माझ्या मुलीसाठीं एक पेटी तयार केली होती. सागाच्या झांकणावर फणसाच्या पिंवळ्या लांकडाची वेल जडविली होती. पेटी पुरी झाली त्या दिवशीं ती वेल झांकणावर नुसती झळकत होती. गेल्या दिवाळींत ती पेटी पुन्हां पाहण्यांत आली, तेव्हां वेल शोधावी लागली. येथें पान आहे, येथें कळी आहे, हें बोटानें चांचपून सांगण्याची पाळी आली. सांधे आजहि घट्ट आहेत. हात चुकला नव्हता. चुकली होती ती लांकडाची निवड. फणसाचें ताजें लांकूड पिंवळेंधमक असतें खरें, पण उजेड व हवा यांच्या संगतीनें तें हळूहळू तांबूस तपकिरी होत जातें, आणि जुन्या सागाचा रंगहि तोच. मीं दोन रंग निवडले नव्हते. एकाच रंगाच्या दोन अवस्था निवडल्या होत्या.

जडावकाम म्हणजे एका लांकडांत उथळ घर कोरून त्यांत दुसऱ्या लांकडाचा नेमका बसेल असा तुकडा सरसानें बसविणें. रेखाटन सुंदर असावें, करवत बारीक चालावी, हें सारेच सांगतात. परंतु कोणतें लांकूड कोणाच्या शेजारीं बसवावें याचा विचार बहुधा वखारींत उभ्या उभ्या, पांच मिनिटांत उरकला जातो.

लांकडाचा रंग स्थिर नसतो, ही पहिली गोष्ट. फ्रान्सच्या मारी आंत्वानेत राणीसाठीं सामान बनविणारा अठराव्या शतकांतील प्रसिद्ध कारागीर रीसनेर याच्या मेजांवरील फुलें आज पाहणाऱ्यास मधाच्या व तपकिरी रंगांचीं दिसतात, आणि आपण त्या संयमाची तारीफ करतों. वस्तुतः तीं फुलें घडलीं तेव्हां रंगविलेल्या लांकडांमुळें हिरवीं, निळीं, लाल अशीं भडक होतीं. उजेडानें तो रंग खाल्ला. याच्या उलट पंधराव्या शतकांतील इटालियन कारागिरांनीं पोपटाच्या पंखांसाठीं किंवा पुस्तकाच्या बांधणीसाठीं जें हिरवें लांकूड वापरलें, त्यांतील पुष्कळसें अजून हिरवें आहे. तो रंग मनुष्यानें दिलेला नव्हता. जंगलांत पडलेल्या ओंडक्यांत एक विशिष्ट बुरशी वाढते व ती लांकूड आंतूनच हिरवें करते. तेवढेच तुकडे हे लोक हुडकून आणीत. गुब्बिओ येथील राजवाड्यांतून निघालेली व आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयांत असलेली जडावाची खोली याच परंपरेंतली आहे.

आपल्याकडील झाडांचें काय, असा प्रश्न साहजिक आहे. काळ्या बाजूस शिसव हें सर्वांत भरवंशाचें. जांभळट छटा असलेला त्याचा गाभा गडदच राहतो; कडक उन्हांत मात्र ठेवूं नये, तेथें तोहि फिका पडूं लागतो. त्याहून काळें हवें असेल तर टेंभुर्णीचा गाभा. ज्या झाडाच्या पानांच्या विड्या वळतात त्याच्याच पोटांत हें काळेंभोर लांकूड असतें, पण तें वयस्क झाडांत, थोडें व वेडेंवांकडें निघतें. म्हणून टेबलाच्या फळीसाठीं त्याचा नाद सोडावा आणि रेघा, ठिपके, पक्ष्याचा डोळा यांसाठीं तें राखून ठेवावें. तांबड्यासाठीं अंदमानचें पडौक, पिंवळ्यासाठीं हेद. हेदाचाहि ताजा पिंवळा रंग पुढें मळकट होतो, हें मात्र फणसाच्या अनुभवानंतर मी प्रत्येकास बजावून सांगतों.

पांढऱ्यासाठीं माझी पसंती काळ्या कुड्यास. नांव काळा असलें तरी लांकूड हस्तिदंती पांढरें, बारीक व एकसारख्या पोताचें आहे. कर्नाटकांतील चन्नपट्टणचीं प्रसिद्ध खेळणीं याच लांकडाचीं. म्हैसूरच्या राजवाड्यांतील शिसवी दारांवर जो पांढरा जडाव आहे तो हस्तिदंताचा; हस्तिदंताचा व्यापार आपल्या देशांत १९८६ व १९९१ च्या कायदेदुरुस्त्यांनीं बंद झाला, आणि तो बंद व्हावयासच हवा होता. त्याची जागा अशीं पांढरीं लांकडें उत्तम रीतीनें भरून काढतात. एक काळजी मात्र घ्यावी लागते. पांढरें लांकूड ओलें राहिलें तर त्यावर निळसर करडी बुरशी चढते आणि तो डाग कितीहि रंधा मारला तरी जात नाहीं. म्हणून खरेदी करतांना तुकड्याचें टोंक थोडें कापून आंतील रंग पाहावा.

आतां रंग जुळले, तरी काम संपत नाहीं. दोन्ही लांकडें कठीणपणांत बरोबरीचीं हवींत. शिसवींत अगदीं मऊ लांकूड जडविलें तर पृष्ठभाग घांसतांना मऊ भाग लवकर झिजतो व चित्राच्या जागीं खळगा पडतो. पावसाळ्यांत लांकूड फुगतें व उन्हाळ्यांत आकसतें. हें सारें रुंदींत घडतें, लांबींत जवळजवळ नाहींच. त्यांतहि सालीला समांतर कापलेली फळी गाभ्याकडून सालीकडे कापलेल्या फळीच्या सुमारें दुप्पट हालते. म्हणून शक्य तेथें जडावाच्या तुकड्याची रेषा तळच्या फळीच्या रेषेशीं समांतर ठेवावी. फळीच्या आडवी घातलेली हातभर लांब पट्टी मुंबईच्या दोन पावसाळ्यांत एकतर उसळते, नाहींतर तडकते. नाजूक पानाफुलांना हा धोका कमी असतो, कारण तुकडे लहान व पातळ असतात.

ज्या संकटाविषयीं कोणी आगाऊ सांगत नाहीं तें आतां सांगतों. सरस वाळला, सर्व सपाट झालें, आणि आपण हौसेनें पॉलिशकागद घेऊन गोल गोल घांसूं लागलों, कीं पडौकाची तांबडी भुकटी शेजारच्या पांढऱ्या कुड्याच्या छिद्रांत शिरते. वरून चपड्याचें पॉलिश फिरविलें म्हणजे तर अनर्थच होतो, कारण पडौकाचा रंग पाण्यापेक्षां स्पिरिटमध्यें अधिक सुटतो आणि पॉलिश स्पिरिटमध्येंच केलेलें असतें. पांढरें कमळ घटकाभरांत गुलाबी होतें. उलट पांढरी भुकटी शिसवीच्या रंध्रांत बसली तर काळी भूमि राखाडी दिसूं लागते. उपाय सोपे आहेत, पण धीर लागतो. कागदाऐवजीं धारदार पोलादी पात्यानें रेषेच्या दिशेनें तासावें; भुकटी पुसूं नये, फुंकून किंवा कोरड्या ब्रशानें उडवावी; आणि पहिला पातळ हात बारीक कुंचल्यानें प्रथम फक्त पांढऱ्या तुकड्यांवर देऊन तो पुरा वाळूं द्यावा. बिबळ्याशींहि असेंच सावध वागावें, फक्त येथें पाण्याची भीति. ज्या लांकडाच्या पेल्यांत रात्रभर ठेवलेलें पाणी रंग बदलतें त्या लांकडाला ओला सरस लावल्यावर तें शेजाऱ्यास डाग देईल यांत नवल नाहीं.

शिसव व साग हीं दोन्ही तेलकट असल्यानें सरस लावण्यापूर्वीं सांधा स्पिरिटनें पुसावा, एवढें येथें नमूद करून पुढें जातों.

विरोध म्हणजे केवळ काळें आणि पांढरें नव्हे. मुंबई व सुरत येथें एकोणिसाव्या शतकांत ज्या नक्षीच्या पेट्या बनत, त्या ज्यांनीं पाहिल्या असतील त्यांना हें पटेल. आबनूस, चंदन, हस्तिदंत व कथील यांच्या बारीक काड्या जोडून त्यांची जुडी करीत, ती आडवी कापून पातळ चकत्या काढीत, आणि त्या पेटीवर चिकटवीत. दुरून पाहिलें तर सारी पेटी एका मऊ करड्या छटेची भासते. जवळ गेल्यावर षट्कोन व तारे दिसतात. तुमच्या टेबलाकडे दुरून पाहिलें जाणार कीं हातांत घेऊन, हा प्रश्न म्हणूनच आधीं विचारावा. दिवाणखान्यांतील फळीवर गडद व फिका असा ठळक भेद हवा; दागिन्यांच्या डबीवर दोन जवळच्या छटाहि शोभतात. भेद पुरेसा आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं दोन्ही तुकडे शेजारीं ठेवावे, त्यांवर थोडें पाणी लावावें (ओलें लांकूड पॉलिश केल्यासारखें दिसतें) आणि संध्याकाळच्या मंद उजेडांत डोळे किलकिले करून पाहावें. कडा हरवली तर जोडी बाद.

तांबडें लांकूड हवें म्हणून रक्तचंदनाच्या मागें लागूं नये. त्याची तोड व व्यापार कायद्यानें नियंत्रित आहे आणि चोरट्या मार्गानें येणारा माल पुष्कळ असतो. आपली गरज तरी केवढी? एका चौरंगाच्या सबंध नक्षीला हाताच्या पंजाएवढें लांकूडहि लागत नाहीं. मोडक्या शिसवी पलंगाचा खूर, जुन्या खुर्चीची पाठ, चोरबाजारांतील तुटक्या पेटीची फळी यांत असें लांकूड सांपडतें, आणि तें पन्नास-साठ पावसाळे पाहिलेलें, पुरतें वाळलेलें असतें. त्याचा रंग बदलायचा तेवढा बदलून चुकलेला असतो. पृष्ठभागाचा पातळ थर रंध्यानें काढला तर आंत ताजा रंग येतो खरा, पण बाहेरच्या रंगाकडे पाहिलें म्हणजे तो पुढें कोणत्या दिशेनें जाईल तें तेथेंच लिहिलेलें असतें.

माझ्या मुलीच्या पेटीसाठीं मी आतां नवें झांकण करीत आहें. भूमि एका जुन्या शिसवी पलंगाची, वेल काळ्या कुड्याची, फुलांच्या मध्यावर टेंभुर्णीचे ठिपके. या वेळीं प्रत्येक लांकडाचा एकेक तुकडा अर्धा काळ्या कागदानें झांकून दक्षिणेच्या खिडकींत ठेविला आहे. सहा आठवडे झाले. कुडा किंचित् सायीसारखा झाला आहे, शिसवींत फरक दिसत नाहीं, आणि केवळ कुतूहलानें शेजारीं ठेविलेला फणसाचा तुकडा कागदाच्या कडेशीं दोन रंगांत स्पष्ट विभागला गेला आहे. आणखी दोन महिने ते तुकडे तेथेंच राहतील. झांकणाची कोरणी त्यानंतर.