क्लेम शून्य डॉलरचा, नोंद सात वर्षांची

न्यू जर्सीत किंवा टेक्ससमध्ये पहिलं घर घेणारं मराठी कुटुंब विम्याचा एक हिशोब भारतातून सोबत नेतं. गाडीच्या विम्यात क्लेम केला नाही की नो क्लेम बोनस, 20 टक्क्यांपासून चढत 50 टक्क्यांपर्यंत. क्लेम केला की सगळं शून्यावर. अमेरिकेतल्या घराच्या विम्याला असा सर्वांना लागू होणारा तक्ता नाही. राज्यागणिक कायदा वेगळा, कंपनीगणिक गणित वेगळं, आणि म्हणून ऐकीव माहितीचं पीकही मोठं.

त्यातला सर्वांत चिवट समज असा: एवढा हप्ता भरतोय, तर बारीकसारीक नुकसानही वसूल का करू नये? समजा, सिंकखालचा पाइप फुटला आणि दुरुस्ती 1,800 डॉलरची निघाली. डिडक्टिबल, म्हणजे मालकाने आधी स्वतः सोसायची रक्कम, 1,000 असेल तर हाती 800 येतात. वर्षाचा हप्ता 2,000 डॉलर धरला आणि क्लेममुळे सवलत जाऊन तो 10 टक्क्यांनी वाढला, तर चार वर्षांत ते 800 कंपनीकडे परत गेले. शिवाय थोड्याच काळात खरोखर मोठं संकट आलं तर तो दुसरा क्लेम ठरतो, आणि लागोपाठ दोन क्लेम कंपन्यांना फार खुपतात. गारपिटीच्या किंवा चक्रीवादळाच्या पट्ट्यात तर डिडक्टिबल अनेकदा टक्क्यांत असतं: 4,00,000 डॉलरच्या संरक्षणावर 2 टक्के म्हणजे 8,000 डॉलर स्वतःच्या खिशातून.

“पैसे मिळालेच नाहीत, मग क्लेम कसला?” हेही नेहमी ऐकू येतं. पाइप अचानक फुटला तर विमा सहसा लागू होतो. महिनोन् महिने झिरपणाऱ्या गळतीला तो बहुधा नाही म्हणतो. पण क्लेम दाखल होऊन नाकारला गेला, तरी त्याची नोंद राहू शकते. लेक्सिसनेक्सिस या कंपनीच्या ‘क्लू’ नावाच्या अहवालात सात वर्षांपर्यंतचे क्लेम असतात, आणि विमा देताना कंपन्या तो चाळतात. गंमत अशी की ही नोंद माणसासोबत घरालाही चिकटते. आधीच्या मालकाने पाणीगळतीचे क्लेम केले असतील, तर नव्या मालकाला कोटेशन घेताना त्याची झळ बसू शकते. खरेदीदाराला हा अहवाल थेट मागवता येत नाही. विकणाऱ्याकडून तो मागून घ्यावा लागतो. मालकाला मात्र तो वर्षातून एकदा फुकट मिळतो आणि चुकीच्या नोंदीवर हरकतही घेता येते.

एजंटला नुसतं विचारलं तरी हप्ता वाढतो, ही भीती सगळीकडे सारखी खरी नाही. टेक्ससमध्ये साधी चौकशी ग्राहकाच्या विरोधात वापरता येत नाही. नैसर्गिक कारणांनी झालेले किंवा पैसे न मिळालेले क्लेमही तिथे अधिभार लावताना धरत नाहीत. विचारताना ‘क्लेम करायचा नाही, माहिती हवी आहे’ एवढं स्पष्ट म्हटलेलं मात्र बरं.

आता उलट टोकाचा समज: क्लेम केलाच नाही तर हप्ता वाढणार नाही. जानेवारी 2025 मध्ये लॉस एंजेलिस परिसरात पॅलिसेड्स आणि ईटनचे वणवे पेटले. त्यानंतर स्टेट फार्मच्या कॅलिफोर्नियातल्या कंपनीला घरांच्या विम्यात सरासरी 17 टक्क्यांची तातडीची वाढ मंजूर झाली. ज्यांच्या अंगणात राखेचा कणही पडला नव्हता, त्यांनीही ती भरली. याच कंपनीने मे 2023 पासून राज्यात घरांसाठी नवे अर्ज घेणंच थांबवलं होतं. घरबांधणीचा वाढता खर्च, आपत्ती, पुनर्विम्याचे दर: हप्ता ठरवणाऱ्या या गोष्टी मालकाच्या हातात नसतात.

म्हणून घर जळालं किंवा छप्पर उडालं असताना ‘हप्ता वाढेल’ म्हणून गप्प बसणं शुद्ध नुकसानीचं. आणीबाणी जाहीर झालेल्या वणव्यानंतर कॅलिफोर्नियाचा कायदा त्या पिनकोडमधल्या घरांचा विमा वर्षभर रद्द करू देत नाही, घराला धग लागलेली नसली तरीही. दुसऱ्याला दुखापत झाली असेल, म्हणजे पाहुणा बर्फाळ पायरीवर घसरला किंवा घरातला कुत्रा कुणाला चावला, तर प्रकरण आपापसांत मिटवण्याआधी कंपनीला कळवावं. पॉलिसीत ताबडतोब सूचना देण्याची अट असते, आणि वकिलाची नोटीस आल्यावर जाग आली तर उशिराचं कारण सांगून कंपनी हात वर करू शकते.