सालीवरचं रसायन : विल्यम नीलांडर यांचं शैवाक-संशोधन

शैवाकांच्या अभ्यासात १८६६ हे वर्ष दोनदा लक्षात ठेवावं लागतं, आणि दोन्ही वेळा एकाच माणसामुळे. विल्यम नीलांडर यांनी त्या वर्षी पॅरिसच्या एका बागेतल्या शैवाकांवर लेख लिहिला आणि त्याच वर्षी शैवाक ओळखण्याची नवी रासायनिक रीतही मांडली. दोन्ही गोष्टी आज जगभर वापरात आहेत. मात्र शैवाक म्हणजे मुळात काय, या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या हयातीत सापडलं आणि ते त्यांनी अखेरपर्यंत नाकारलं. ही विसंगती मला त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा ओढून नेते.

नीलांडर १८२२ मध्ये फिनलंडमधल्या औलू गावी जन्मले. फिनलंड तेव्हा रशियन साम्राज्यात होतं. शिक्षण वैद्यकाचं, पहिलं प्रेम कीटकांवर. त्यांनी वर्णन केलेल्या मुंग्यांच्या काही जाती आजही त्यांच्याच नावाने नोंदल्या जातात. १८५७ मध्ये ते हेलसिंकी विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. १८६३ मध्ये ती खुर्ची सोडून ते पॅरिसला गेले आणि तिथेच राहिले.

लक्झेंबर्ग बागेतल्या झाडांच्या सालींवर शैवाकं भरपूर होती, उरलेल्या पॅरिसमध्ये मात्र फारच थोडी. नीलांडर यांनी हा फरक हवेशी जोडला. शैवाकं हवेच्या शुद्धतेचं मोजमाप देतात, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. इंग्लंडात लिओ ग्रिंडन यांनी १८५९ मध्ये मँचेस्टरच्या परिसरात शैवाकं घटल्याची नोंद केली होती, पण मोजमापाची कल्पना इतकी नेमकी मांडली ती नीलांडर यांनी. कारण पुढे उलगडलं. शैवाकाला मुळं नसतात आणि पानांवर असतो तसा मेणचट थरही नसतो. पाऊस, धुकं आणि हवा यांतून जे येईल ते सगळं अंगात जिरतं. कोळशाच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड त्या ओलाव्यात विरघळतो आणि हरितद्रव्याचा नाश करतो. १८९६ मध्ये नीलांडर यांनी त्याच बागेबद्दल पुन्हा लिहिलं, तेव्हा तिथली शैवाकं नाहीशी झाली होती. ती परतल्याची नोंद संशोधकांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केली, म्हणजे जवळजवळ शतकभराने.

दुसरं काम प्रयोगशाळेतलं, तरी अगदी साधं. शैवाकावर कॉस्टिक पोटॅशचा किंवा ब्लीचिंग पावडरच्या पाण्याचा थेंब टाकायचा आणि रंग पाहायचा. पिवळा, लाल, की काहीच नाही? शैवाकात विशिष्ट आम्लं असतात. दिसायला सारख्या दोन जातींमध्ये ती वेगळी असू शकतात, आणि थेंब ते उघड करतो. थिओडोर फ्रीस यांच्यासारख्या मातब्बरांना हे पटलं नाही. जात रूपावरून ठरावी, बाटलीतल्या द्रवावरून नव्हे, असा त्यांचा आक्षेप. पुढे जपानच्या यासुहिको असाहिना यांनी शैवाकांच्या रसायनाचा अभ्यास फार पुढे नेला आणि काळाने कौल नीलांडर यांच्या बाजूने दिला.

आपल्याशी याचा धागा थेट स्वयंपाकघरातून जुळतो. गोड्या मसाल्यात पडणारं दगडफूल हे शैवाकच. बाजारातल्या दगडफुलात अनेक जातींची सरमिसळ असते. त्यांतली एक, पार्मोट्रेमा टिंक्टोरम, शास्त्रात आली ती १८७२ मध्ये नीलांडर यांच्याच लेखणीतून. तिचा वरचा थर खरवडून आतल्या पांढऱ्या भागावर ब्लीचचा थेंब टाकला की तो लालभडक होतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पी. जी. पटवर्धन, उर्मिला मखीजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सह्याद्रीतल्या शैवाकांवर मोठं काम केलं. त्या शास्त्रात आजही जात ठरवताना हे थेंब हाताशी लागतात.

आता त्या नकाराबद्दल. १८६७ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिमोन श्वेंडेनर यांनी सांगितलं, की शैवाक ही एक वनस्पती नव्हेच. कवकाच्या धाग्यांनी शैवलाच्या हिरव्या पेशींना वेढून थाटलेला तो एकत्र संसार आहे. नीलांडर यांचं म्हणणं होतं, की त्या हिरव्या पेशी शैवाकातच उपजतात. पुरावे मात्र साचत गेले. १८७३ मध्ये एदुआर बोर्ने यांनी धागे आणि पेशी यांचा प्रत्यक्ष संबंध दाखवला. १८७७ मध्ये अर्न्स्ट श्टाल यांनी दोन्ही घटक एकत्र वाढवून शैवाक घडवलं. नीलांडर बधले नाहीत. माझ्या मते यात हट्ट होता तितकीच भीतीही होती. ज्यांच्या हजारो जाती आपण एकेक करून वेगळ्या केल्या, नावं दिली, ते स्वतंत्र जीवच नाहीत हे मान्य करणं त्यांना आयुष्यभराच्या श्रमांवर पाणी सोडण्यासारखं वाटलं असावं. तसं काही झालं नसतं. शैवाकाचं नाव आज त्यातल्या कवकाचं नाव मानलं जातं आणि नीलांडर यांची शेकडो नावं तशीच टिकून आहेत.

समकालीनांशी त्यांचे खटके उडत राहिले. ज्यांच्याबरोबर काम केलं त्यांतले बरेच दुरावले. उत्पन्नाचा आधार म्हणून त्यांनी आपला ५० हजारांहून अधिक नमुन्यांचा संग्रह हेलसिंकी विद्यापीठाला देऊ केला आणि बदल्यात वार्षिक निवृत्तिवेतन घेतलं. १८९९ मध्ये ते पॅरिसमध्ये वारले. संग्रह हेलसिंकीला गेला आणि तिथे आजही वेगळा राखला आहे. त्यांनी नाव दिलेल्या उष्ण कटिबंधातल्या एखाद्या जातीबद्दल शंका निघाली, की अभ्यासकाला त्या मूळ नमुन्याकडेच जावं लागतं, मग तो अभ्यासक ब्राझीलचा असो वा पुण्याचा.